आधी दावा, मग चंदा

दोन वर्षांपूर्वी रमजान सुरू व्हायच्या आधीच्या आठवड्यात माझ्या मामेभावाच्या मोटारसायकलला मागून एका टेम्पोनं धडक दिली. सोलापूरच्या अलीकडे, रात्री नऊच्या सुमारास. त्याचं वय चोवीस. शाळेचे गणवेश शिवणाऱ्या कारखान्यात तो कटिंग मास्टर होता. जीव वाचला, पण उजवं मनगट मोडलं आणि नस दुखावली. दोन ऑपरेशनं झाली. आज तो चहाचा कप उचलू शकतो, पण कापडाच्या चाळीस थरांवरून कात्री चालवू शकत नाही.

मला पुण्यात फोन आला तेव्हा मी कुटुंबातला नोकरदार माणूस जे करतो तेच केलं. मोबाइल उघडला आणि पन्नास हजार पाठवले. मोहल्ल्यात वही फिरली. कुणी दोनशे दिले, कुणी दोन हजार, एका खालांनी जकातीची रक्कम आधीच काढून दिली. तीन दिवसांत ऑपरेशनचे पैसे उभे राहिले. मला आपल्या लोकांचा अभिमान वाटला, आजही वाटतो. पण त्या तीन दिवसांत आमच्यापैकी एकानंही एक साधा प्रश्न विचारला नाही. त्या टेम्पोचा विमा होता का?

विमा होता, आणि मुदतीतला होता. एमपरिवहन ॲपवर गाडीचा नंबर टाकला की अर्ध्या मिनिटात समजतं. मी रोज बारा तास स्क्रीनसमोर बसणारा माणूस, आणि मला हे बघायला अकरा दिवस लागले.

या लेखात मला एवढंच म्हणायचं आहे की आपल्याकडे अपघात झाला की आपण चंदा गोळा करतो, पण दावा करत नाही. मोटार वाहन कायदा १९८८ नुसार रस्त्यावर येणाऱ्या प्रत्येक गाडीला थर्ड पार्टी विमा सक्तीचा आहे. हा विमा गाडीच्या मालकासाठी नसतो, त्या गाडीमुळे ज्याला इजा होईल त्याच्यासाठी असतो. म्हणजे त्या टेम्पोवाल्यानं दर वर्षी जो हप्ता भरला, तो माझ्या मामेभावाच्या मनगटासाठीच भरला होता. आम्ही दावा केला नसता तर ते पैसे कंपनीकडे राहिले असते आणि तिच्या वाट्याचा खर्च मोहल्ल्यातल्या रिक्षावाल्यांनी, भाजीवाल्यांनी आणि त्या खालांच्या जकातीनं केला असता. गरिबांच्या हक्काची जकात आपण नकळत विमा कंपनीचा भार हलका करायला वापरतो. हे कुणालाच पटणार नाही, पण दर महिन्याला कुठल्या ना कुठल्या मोहल्ल्यात हेच चालू असतं.

लोक दावा का करत नाहीत? आमच्या घरात मी चार कारणं ऐकली. प्रत्येकात थोडं तथ्य आहे, म्हणून त्यांना उडवून लावणार नाही.

पहिलं कारण पोलिसांची भीती. मामूंनी दवाखान्यात डॉक्टरांना सांगितलं, "गाडीवरून घसरून पडला." का, तर अपघात म्हटलं की पोलीस येणार, जबाब होणार, गाडी ठाण्यात लावणार, आणि आपल्या पोराच्या लायसनवरून आपल्यालाच चार गोष्टी ऐकाव्या लागणार. मुसलमान मोहल्ल्यातल्या माणसाला ठाण्याची पायरी चढायला का नको वाटतं, हे या मासिकाच्या वाचकांना मी सांगायची गरज नाही. पण त्या एका वाक्याची किंमत आम्ही अजून मोजतो आहोत. डॉक्टरांनी जे ऐकलं ते केसपेपरवर लिहिलं. मागच्या महिन्यात उलटतपासणीत विमा कंपनीच्या वकिलांनी तोच कागद पुढे केला. "तुम्ही स्वतःच घसरलात असं इथे लिहिलंय. मग टेम्पो आला कुठून?"

फिर्यादही आम्ही सहाव्या दिवशी दिली. त्यावर मात्र आधार आहे. रवी विरुद्ध बद्रीनारायण या २०११ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयानं स्पष्ट केलं आहे की जखमी माणसाचे नातेवाईक आधी त्याच्या उपचारांकडे बघतात, म्हणून केवळ गुन्हा उशिरा नोंदवला एवढ्यावर दावा फेटाळता येत नाही. पण उशिराचं कारण सांगता येतं, खोट्या वाक्याचं कारण सांगणं अवघड असतं. टेम्पो चालकाचा जबाब आणि पंचनामा आमच्या बाजूनं आहेत म्हणून आशा आहे. दवाखान्यात पहिल्या तासात घाबरून बोललेलं एक वाक्य दोन वर्षांनी आमच्यासमोर असं उभं राहिलं.

दुसरं कारण शरम. चौथ्या दिवशी टेम्पोचे मालक दवाखान्यात आले. फळांची पिशवी, पंचवीस हजार रुपये आणि लिहून आणलेला स्टॅम्प पेपर. आपसात समजुतीनं मिटलं, कुणाविरुद्ध तक्रार नाही, असा मजकूर. माणूस वाईट नव्हता, आपल्याच जमातीतला होता, त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. मोठी माणसं म्हणाली, आपल्याच माणसाला कोर्टात कशाला ओढायचं? मामू सही करायला तयार होते. मी फोनवर कसंबसं थांबवलं. "मामू, दोन दिवस द्या मला. मग तुम्ही म्हणाल तसं."

त्या दोन दिवसांत मला कळलं की आम्ही सगळेच एका गैरसमजावर भांडत होतो. विमा मुदतीत असेल, चालकाचं लायसन योग्य असेल, तर भरपाई मालकाच्या खिशातून जात नाही, कंपनी देते. मालकाला वाचवायचा सरळ मार्ग म्हणजे त्याच्या विम्यावर दावा करणं. त्याच्याकडून पंचवीस हजार घेऊन गप्प बसण्यात त्याचंही नुकसान होतं आणि आमचंही. मी त्यांना फोन करून हे सांगितलं तेव्हा ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "एजंटानं हे कधी सांगितलंच नाही." चालकावरचा फौजदारी खटला वेगळा, तो सरकार चालवतं. भरपाईचा दावा वेगळा, तो मोटार अपघात दावा न्यायाधिकरणापुढे चालतो. या दोन गोष्टी आपल्या डोक्यात एक झालेल्या आहेत. त्यामुळे पैसे मागणं म्हणजे कुणाला तरी जेलमध्ये पाठवणं, असं आपल्याला वाटतं.

तिसरं कारण, "एवढ्याशासाठी कोण हेलपाटे घालणार?" इथे मी माझ्या सवयीप्रमाणे हिशेब मांडला. तुम्हीही मांडून बघा, कारण सूत्र गुप्त नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या सरला वर्मा निकालानं २००९ मध्ये वयानुसार गुणक ठरवून दिले. २१ ते २५ वयासाठी १८, २६ ते ३० साठी १७, आणि वय वाढेल तसा तो कमी होत जातो. २०१७ च्या प्रणय सेठी निकालानं स्वतःचा धंदा करणाऱ्या किंवा ठरावीक पगारावर काम करणाऱ्या, चाळिशीच्या आतल्या माणसाच्या उत्पन्नात भविष्यातील वाढ म्हणून ४० टक्के धरायला सांगितलं. तो निकाल मृत्यूच्या दाव्यातला होता. कायमचं अपंगत्व आलेल्या जखमीलाही ही वाढ मिळते, हे २०२० च्या पप्पू देव यादव निकालात स्पष्ट झालं. तो दावा हात गमावलेल्या एका तरुण डेटा एंट्री ऑपरेटरचा होता.

मामेभावाचा पगार महिना १८,००० होता. वर्षाचे २,१६,०००. त्यात ४० टक्के वाढ धरली की ३,०२,४००. गुणिले १८ म्हणजे ५४,४३,२००. त्याच्या कमावण्याच्या क्षमतेपैकी निम्मी गेली असं न्यायाधिकरणानं मानलं, तर २७,२१,६००. उपचारांचा खर्च आणि वेदनांची भरपाई याच्याशिवाय. न्यायाधिकरण आमचे सगळे आकडे मान्य करेल असं नाही. पण स्टॅम्प पेपरवर मामू सही करणार होते तो आकडा पंचवीस हजारांचा होता, हे विसरू नका.

"निम्मी" हा शब्द कुठून आला तेही सांगतो, कारण सगळा खेळ तिथे आहे. डॉक्टरांच्या प्रमाणपत्रावर अपंगत्व ३० टक्के आहे. पण राजकुमार विरुद्ध अजयकुमार या निकालानं सांगितलेलं तत्त्व असं, की शरीराचं अपंगत्व किती यापेक्षा त्या माणसाच्या कामावर त्याचा परिणाम किती हे बघायचं. तीच इजा एखाद्या कारकुनाला कमी बाधेल आणि कटिंग मास्टरची रोजी घेऊन जाईल. म्हणून दाव्यात "मजुरी" असा मोघम शब्द लिहू नका. माणूस हातानं नेमकं काय करत होता ते लिहा. जरीकाम, वेल्डिंग, यंत्रमागावर कांड्या बदलणं, मटण कापणं, जे असेल ते.

आणि आता उत्पन्नाचा पुरावा. पगार रोख. शेठ म्हणाले, "तोंडी कुणालाही सांगतो, लिहून देत नाही." त्यांची भीती वेगळी, कागद दिला तर भविष्यनिर्वाह निधीपासून सगळं निघेल. पुरावा नसेल तर न्यायाधिकरण अंदाजानं रक्कम धरतं, बऱ्याचदा किमान वेतनाच्या आसपास. वरच्या हिशेबात १८,००० ऐवजी १०,००० घाला, उत्तर १५,१२,००० येतं. म्हणजे एका कागदाच्या अभावी बारा लाखांचा फरक. आमच्या नशिबानं शेवटचे सात महिने शेठनी आठवड्याचे पैसे यूपीआयनं पाठवले होते. बँकेचं स्टेटमेंट काढलं आणि तोच पुरावा झाला. माझी प्रत्येक तरुण कामगाराला विनंती आहे, उचल असो की पगार, खात्यात घ्या. मोहल्ल्यातल्या यंत्रमागवाल्यांपासून बेकरीवाल्यांपर्यंत सगळ्यांना हे लागू आहे.

नावाचा घोळ तर आपल्या पाचवीला पुजलेला. आधारवर शेख, लायसनवर शैख, दवाखान्यात फक्त पहिलं नाव, बँकेत वडिलांचं नाव आडनावाच्या जागी. मी ज्या प्रणालींवर काम करतो त्यांच्या दृष्टीनं ही चार वेगळी माणसं आहेत. समोरच्या वकिलालाही तेच म्हणायचं असतं. आम्हाला प्रतिज्ञापत्र करावं लागलं की ही चारही नावं एकाच माणसाची. अपघात व्हायची वाट बघू नका. या रविवारी घरातल्या सगळ्यांची कागदपत्रं टेबलावर मांडा आणि नावं जुळवा.

चौथं कारण दीनाचं, आणि ते मला सर्वांत महत्त्वाचं वाटतं. "तकदीर में लिखा था. खून के पैसे नहीं लेते." हे वाक्य मी ज्यांच्याकडून ऐकलं ते मनानं फार चांगले लोक आहेत. पण मी आलिम नसलो तरी एवढं वाचता येतं की सूरह अन-निसाच्या ९२ व्या आयतीत चुकून झालेल्या हत्येसाठीसुद्धा वारसांना दियत देण्याचा हुकूम आहे. वारसांनी स्वखुशीनं माफ केलं तर गोष्ट वेगळी. फिकहच्या ग्रंथांत एकेका अवयवाची भरपाई ठरलेली आहे. हाताच्या एका बोटाची दियत पूर्ण दियतीच्या दहाव्या हिश्श्याइतकी. चौदाशे वर्षांपूर्वी ज्यांनी बोटाचा हिशेब लावला त्यांना माणसाच्या हाताची कदर होती. तकदीर तर त्यांनाही ठाऊक होती. आणि चुकून झालेल्या हत्येची दियत एकट्या माणसावर पडू नये म्हणून त्याच्या आकिलानं, म्हणजे त्याच्या गटानं ती मिळून भरायची, अशीही व्यवस्था होती. अनेकांनी थोडं थोडं देऊन एकाच्या चुकीचा भार उचलायचा. आजच्या विम्याबद्दल उलेमांमध्ये मतभेद आहेत आणि त्यात मी पडत नाही. पण जखमी माणसानं भरपाई घेणं ही लालूच आहे, असं म्हणायला मला आधार सापडला नाही.

निवाड्याच्या रकमेवर न्यायाधिकरण व्याज लावतं, त्याचीही काहींना अडचण वाटते. ज्याचं मन मानत नाही त्यानं व्याजाचा भाग वेगळा काढून देऊन टाकावा. त्यासाठी मूळ हक्क सोडायची गरज नाही. माफ करणं मोठी गोष्ट आहे, पण आपलं काय जात आहे ते ज्याला माहीत असतं तोच माफ करू शकतो. पंचवीस हजारांवर न वाचता सही करणारा माणूस माफ करत नसतो. तो फक्त फसत असतो.

आता आपल्याच अंगणात झाडू मारतो. रमजानच्या रात्री तरावीहनंतर आपल्या पोरांच्या गाड्या कशा पळतात ते सगळ्यांनी पाहिलं आहे. ट्रिपल सीट, हेल्मेट नाही, लायसन नाही, विमा संपून दोन वर्षं झालेली. त्या गाडीनं उद्या एखाद्या म्हाताऱ्याला उडवलं तर तो दावा करेल आणि त्यानं केलाच पाहिजे. विमा नसेल तर ती रक्कम गाडीच्या मालकाकडून, म्हणजे बहुतेक वेळा अब्बांच्या घरातून वसूल होईल. गाडी चालवणारा अल्पवयीन असेल तर २०१९ च्या दुरुस्तीनं पालकाला किंवा मालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५,००० रुपये दंड ठेवला आहे. आपला हक्क मागायचा तर दुसऱ्याचा हक्क बुडणार नाही एवढी तयारी आपली हवी. थर्ड पार्टी विम्याचा हप्ता भरणं हे मला तरी शेजाऱ्याच्या हक्काचं काम वाटतं.

कायद्यातल्या काही गोष्टी प्रत्येकाला पाठ हव्यात. १ एप्रिल २०२२ पासून दावा अपघातानंतर सहा महिन्यांत दाखल करायची अट आहे. तिला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिलं गेलं आहे, पण त्या भरवशावर बसू नका. आम्ही पाचव्या महिन्यात दाखल केला. दावा अपघात झाला तिथेच करायचा असं नाही. तुम्ही राहता किंवा काम करता तिथल्या न्यायाधिकरणातही करता येतो, म्हणजे मालेगावच्या पोराचा अपघात सुरतेत झाला तरी त्याला तारखांसाठी सुरतेला जावं लागत नाही. धडक देऊन गाडी पळून गेली आणि सापडली नाही, तर मृत्यूसाठी दोन लाख आणि गंभीर दुखापतीसाठी पन्नास हजारांची सरकारी योजना आहे. चूक कुणाची हे सिद्ध न करता मृत्यूसाठी पाच लाख आणि गंभीर दुखापतीसाठी अडीच लाख घेण्याचा मार्ग कलम १६४ मध्ये आहे. मे २०२५ पासून अपघातग्रस्ताला पहिल्या सात दिवसांत दीड लाखापर्यंत रोकडरहित उपचारांची योजना लागू आहे. पहिला अपघात अहवाल ४८ तासांत न्यायाधिकरणाकडे पाठवणं पोलिसांवर बंधनकारक आहे, आणि डिसेंबर २०२२ मध्ये गोहर मोहम्मद प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं या नियमांची देशभर अंमलबजावणी करायला सांगितलं. त्या अहवालाची प्रत मागा. मागितल्याशिवाय मिळत नाही, असा आमचा अनुभव.

घरातली बाई गेली किंवा अपंग झाली तर "ती कुठे कमवत होती?" म्हणून दावाच करत नाहीत. कीर्ती विरुद्ध ओरिएंटल इन्शुरन्स या जानेवारी २०२१ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयानं गृहिणीच्या घरकामाचं मोल उत्पन्न म्हणून धरलं. आपल्या अम्मींच्या कामाला आपण जी किंमत देत नाही ती कोर्टानं दिली, याचा विचार घरी बसून करावा.

दवाखान्याच्या दारात "निकालानंतर तीस टक्के द्या" म्हणणारे भेटतील. वकिलानं निकालाच्या रकमेत हिस्सा ठरवणं बार कौन्सिलच्या नियमांत बसत नाही. प्रत्येक जिल्ह्यात जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे. स्त्रियांना, मुलांना, अपंगांना उत्पन्नाची अट न लावता आणि महाराष्ट्रात तीन लाखांच्या आत वार्षिक उत्पन्न असलेल्यांना तिथे मोफत वकील मिळतो. लोकअदालतीत तडजोड करायची तर आधी हिशेब मांडा, कारण तिथल्या निवाड्यावर अपील नाही.

यातलं काहीही अवघड नाही. जी मुलं ऑनलाइन शिष्यवृत्तीचे फॉर्म भरतात, पासपोर्टची अपॉइंटमेंट काढून देतात, ती हे करू शकतात. एक टेबल, एक लॅपटॉप, आठवड्यातून दोन तास, आणि महिन्यातून एकदा येणारा एक वकील. मशिदीच्या कार्यालयात, वाचनालयात, मंडळाच्या खोलीत, कुठेही. आम्ही तिघा मित्रांनी सोलापुरात असं टेबल सुरू केलं आहे. पहिल्या महिन्यात दोन माणसं आली. त्यातली एक हातगाडीवाल्याची विधवा होती. अपघाताला पाच महिने वीस दिवस झाले होते. दावा दहा दिवस राखून दाखल झाला. त्या टेबलावर आलेला दुसरा माणूस मुसलमान नव्हता, आणि त्याचं कामही आम्ही तितक्याच आनंदानं केलं.

मामेभावाची पुढची तारीख पुढच्या महिन्यात आहे. डॉक्टरांची साक्ष व्हायची आहे. तो सध्या त्याच कारखान्यात माल मोजायला बसतो, निम्म्या पगारावर. मामू आता मोहल्ल्यात कुणाचा अपघात झाला की सगळ्यांच्या आधी दवाखान्यात पोचतात आणि नातेवाइकांना एकच गोष्ट सांगतात, "डॉक्टरांना खरं सांगा."

चंद्याची वही बंद करा असं मी म्हणत नाही. त्या वहीमुळेच ऑपरेशन वेळेवर झालं. पण पुढच्या वेळी ती तुमच्या दारात येईल तेव्हा पैसे द्या, आणि देताना दोन गोष्टी विचारा. गुन्हा नोंदवला का? आणि समोरच्या गाडीचा नंबर कुणी लिहून घेतला आहे का?